हेडलाइनमध्ये 'यीस्ट' हा शब्द राहिला, साहेब

मा. संपादक साहेब यांसी,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र लांबलंय, आधीच सांगतो. कापायचं झालं तर माझ्या बेकरीचं कापा, साडूंचं कापा, पण यीस्टचं तेवढं ठेवा.

दोन रविवारांमागं तुमच्या पुरवणीत शेवटच्या पानावर एक बातमी आली होती, 'म्हातारपण आता टळणार! आयुष्य ८२ टक्क्यांनी वाढवण्यात शास्त्रज्ञांना यश'. बाजूला पांढऱ्या केसांचं एक हसरं जोडपं, बागेत पळतंय. मी ती पहाटे पाचला भट्टीपुढं उभा राहून वाचली, हाताला मैदा होता तो पानाला पण लागला. आत चौथ्या की पाचव्या ओळीत बारीक होतं, 'यीस्ट पेशींवरील प्रयोगात'. बस एवढंच. पुढं परत माणूस, माणसाचं सरासरी वय, औषध बाजारात कधी येणार वगैरे. म्हणजे लग्नाच्या पत्रिकेत नवऱ्यामुलाचं नाव शोधायला भिंग लागावं असं झालं.

आता चौथी ओळ कोण वाचतंय साहेब? आमच्या साडूंनी नाही वाचली. साडू निपाणीकडं असतात, रिटायर माणूस, शुगर आहे, बीपी आहे, पेन्शन पण आहे. तिकडं एका हॉलमध्ये कसलीतरी मीटिंग झाली, चहा-बिस्किट फुकट, आणि स्टेजवरच्या माणसाने तुमच्या पेपरचं कात्रण लॅमिनेट करून आणलेलं. लॅमिनेट! ते सगळ्यांना हातात देऊन फिरवलं आणि मग डबे काढले. वर 'सर्टुइन बूस्टर' की असंच काहीतरी इंग्लिशमध्ये, एक डबा ४८०० रुपये. साडूंनी दोन घेतले. घरी येऊन हिशोब केला, पंचाहत्तरला ८२ टक्के लावले की एकशे छत्तीस वर्षं आणि वर थोडे महिने, म्हणजे पेन्शनवाले रडणार.

मी समजावायला गेलो तर म्हणाले, "आरं पेपरात आलंय की. पेपर काय खोटं लिवतोय व्हय? तू आपला पाव भाज."

पाव भाजणारा माणूस म्हणूनच हे पत्र लिहितोय. चाळीस वर्षं यीस्टात हात आहे माझा. आजोबा बेळगावच्या कॅम्पातल्या एका गोव्याच्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, हाताखाली शिकले, गोव्यात तेव्हा पावाच्या पिठाला माडी घालायचे, त्या माडीतच यीस्ट असतं हे आजोबांना माहीत नव्हतं पण पाव फुगतो हे माहीत होतं. वडील आदल्या दिवसाच्या पिठाचा गोळा ठेवायचे, खमीर म्हणून. माझ्या काळात अर्ध्या किलोची ओली ब्रिक आली, कागदात गुंडाळलेली, फ्रिजात ठेवायची, दाबली तर चिकणमातीसारखी मोडते आणि वास थोडा बिअरचा थोडा ताकाचा. शंका आली की आम्ही काय करतो, ग्लासात कोमट पाणी, चमचाभर साखर, त्यात चिमूटभर यीस्ट. दहा मिनिटांत फेस वर आला तर जिवंत. नाही आला तर 'मेलंय' म्हणायचं आणि गटारात. शाळेच्या पुस्तकात याला किण्व म्हणतात, पण बेकरीत किण्व म्हटलं तर पोरगा नवीन भांडं घेऊन येईल.

जिवंत आणि मेलेलं एवढंच आम्हाला ठाऊक. यीस्ट म्हातारं होतं हे मला माझ्या भाचीने सांगितलं. ती बायोटेक शिकली, बाहेरगावी एका लॅबमध्ये दोन वर्षं यीस्टवरच काम केलं, दिवाळीला आली होती. ओळखीच्या मास्तरांकडून शाळेचा मायक्रोस्कोप आणला आणि माझ्याच फ्रिजातल्या ब्रिकची चिमूट काचेवर टाकली. "मामा बघा." बघितलं तर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे गोल गोल दाणे आणि कितीतरी दाण्यांच्या अंगाला एक बारका फुगवटा. म्हणाली हा मोठा गोल म्हणजे आई, फुगवटा म्हणजे लेक. लेक मोठी होते आणि तुटून वेगळी होते, साधारण दीड तासाचं काम, आणि आईच्या अंगावर त्या जागी एक वण राहतो. साध्या मायक्रोस्कोपात तो नीट दिसत नाही, चमकणारा रंग लावावा लागतो, मग वण मोजायचे. किती वण तेवढी बाळंतपणं. तेच तिचं वय.

हे मला फार भारी वाटलं बघा, वय दिवसांत नाही, लेकींत मोजायचं!

आणि मोजायचं कसं तर १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या मॉर्टिमर आणि जॉन्स्टन या दोघांनी ते करून दाखवलं. (आमच्या सीमाभागाला तेव्हा म्हैसूर राज्यात टाकून तीनच वर्षं झाली होती, आपलं मोजणं अजून चालूच आहे ते सोडा.) मायक्रोस्कोपखाली काचेच्या बारीक सुईने प्रत्येक लेक झाली की उचलून बाजूला ठेवायची, आईला एकटीला ठेवायचं, परत दीड तास थांबायचं, परत लेक बाजूला. असं करत गेल्यावर कळलं की एक आई साधारण वीस-पंचवीस लेकी देते आणि मग थांबते आणि मरते. त्याआधी वाटायचं की यीस्ट काय, वाढतच राहतं, त्याला कुठलं मरण. भाचीने पण हेच काम केलंय, म्हणाली मामा झोप यायची, मग रात्री प्लेट फ्रिजात ठेवायची, यीस्ट थांबतं आणि आपण पण झोपायचं, सकाळी बाहेर काढून परत मोजायला सुरुवात. मी म्हटलं अगं हे तर आम्ही रोज करतो की, रात्रीचं पीठ फ्रिजात!

मग मी अडाणी प्रश्न विचारला. आई पंचवीस लेकी देऊन मरते तर मग माझी ब्रिक कशी काय मरत नाही, कारखान्यात वर्षानुवर्षं तेच यीस्ट वाढवतात ना. तर उत्तर असं की कुठल्याही वाढत्या यीस्टात निम्म्या पेशी आत्ताच जन्मलेल्या, एकही वण नाही. राहिलेल्यातल्या निम्म्यांना एक वण, त्यातल्या निम्म्यांना दोन, असं करत गेलं की वीस वणांची म्हातारी दहा लाखांत एखादी सापडली तर सापडली. म्हणजे म्हाताऱ्या आहेत पण गर्दीत दिसत नाहीत. कपिलेश्वराच्या जत्रेत एखादी आज्जी हरवावी तसं.

म्हातारपणाचा दुसरा पण एक प्रकार आहे, तो आमच्या फ्रिजातला. साखर संपली, वाढ बंद, पेशी नुसती बसून आहे, अशी किती दिवस जगते ते. शास्त्रज्ञ दोन्ही वेगवेगळे मोजतात. त्यात जास्त शिरत नाही, मला पहिल्याचंच सांगायचंय कारण ८२ टक्के तिथलेच आहेत.

खरी गंमत पुढं आहे. आई म्हातारी झालेली असली, विसावी लेक असली, तरी ती लेक बहुतेक वेळा कोरीच जन्मते. तिला स्वतःच्या वीस-पंचवीस लेकींचा पूर्ण कोटा मिळतो. (अगदी शेवटच्या एकदोन लेकी जरा कमनशिबी निघतात म्हणे.) मग आईचं म्हातारपण जातं कुठं? आईकडंच राहतं. बिघडलेली प्रोटीन, नको असलेला कचरा, आई स्वतःकडं अडकवून ठेवते आणि लेकीला साफ पाठवते. हे ऐकल्यावर मला माझी आई आठवली साहेब, लाकडाची भट्टी होती तेव्हा कोपऱ्यातले पाव करपायचे, ते ती कधी आम्हाला देत नव्हती, चहात बुडवून स्वतःच संपवायची, आणि विचारलं तर म्हणायची मला कडकच आवडतो.

या कचऱ्यात एक नामी वस्तू आहे, गोल कड्या. यीस्टच्या बाराव्या गुणसूत्रावर एकाच मजकुराच्या शंभर-दीडशे कॉप्या ओळीने लागलेल्या असतात, तो मजकूर प्रोटीन बनवायच्या यंत्रांचा, रायबोसोम म्हणतात त्यांना, ती पेशीला भरपूर लागतात म्हणून एवढ्या कॉप्या. एकसारखा मजकूर शेजारी शेजारी असला की गोंधळ होतो, मध्येच एखादी कॉपी सुटून तिची गोल कडी होते. ती कडी स्वतःच्या आणखी कड्या काढते आणि जवळजवळ सगळ्या आईच्याच पोटात साचतात. १९९७ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये सिंक्लेअर आणि ग्वारेंटे यांनी दाखवलं की या कड्या साचणं हे यीस्टच्या म्हातारपणाचं एक कारण आहे. कड्यांमुळेच मरतं की कड्या ही नुसती खूण, यावर पुढं बरीच भांडणं झाली. होणारच.

आता जीन आणि 'एपिजेनेटिक' हा शब्द, तुमच्या बातमीत तो दोनदा होता आणि दोन्हीदा अर्थ दिला नव्हता. मी आमच्या शहापूरच्या भाषेत सांगतो. आमच्या मागच्या गल्लीत पॉवरलूम आहेत, दिवसभर खडखड. सूत कांडीवर गुंडाळलेलं असतं, गुंडाळलेलं आहे तोवर शिस्तीत, कांडी सैल सुटली की गुंता. पेशीतला डीएनए पण असाच कांड्यांवर गुंडाळलेला असतो, त्या कांड्यांना हिस्टोन म्हणतात. यीस्टचे साधारण सहा हजार जीन, म्हणजे पेशीला दिलेले हुकूम, सगळे त्या सुतावरच. जिथं सूत घट्ट तिथला जीन गप्प, जिथं सैल तिथला बोलतो. सूत तेच, एक अक्षर बदललेलं नाही, फरक फक्त घट्ट-सैलचा. हे घट्ट-सैल करणं म्हणजे एपिजेनेटिक, आणि सुतावरचा मजकूरच बदलला तर ते जेनेटिक, झालं.

घट्ट करणाऱ्या कारागिरांतला एक म्हणजे सर्-टू, साडूंच्या डब्यावरचं नाव यावरूनच आलंय. कांडीवर एक रासायनिक चिकटा लागला की सूत सैल होतं, सर्-टू तो चिकटा काढतो. १९९९ साली एमआयटीतच केबरलाइन, मॅकव्ही आणि ग्वारेंटे यांनी यीस्टला सर्-टूच्या जीनची एक जादा कॉपी दिली तर आयुष्य साधारण ३० टक्क्यांनी वाढलं, आणि जीन काढून टाकला तर निम्म्यावर आलं. कड्या होऊ न देणं हे पण याचंच काम. पुढच्याच वर्षी कळलं की या कारागिराला मजुरी म्हणून एनएडी नावाचं रसायन लागतं, जे पेशीच्या खाण्यापिण्याशी जोडलेलं आहे. म्हणजे खाणं आणि वय यांच्यात दुवा सापडला म्हणून सगळे एकदम खुश. त्याच सुमारास असंही दिसलं की यीस्टच्या प्लेटमधली साखर २ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली तरी ते जास्त लेकी देतं. आपल्या उसाच्या जिल्ह्यात हे सांगायची पण चोरी.

वय झालं की काय होतं, सर्-टू कमी पडतो, चिकटे वाढतात, कांड्या पण कमी होतात. २०१० साली असं दाखवलं गेलं की म्हाताऱ्या यीस्टमध्ये हिस्टोन घटतात आणि ते जादा पुरवले तर यीस्ट जास्त जगतं. सूत सैल झाल्यावर जे गप्प असायला हवं तेच बोलायला लागतं. यीस्टमध्ये नर-मादीसारखे दोन प्रकार असतात, 'ए' आणि 'अल्फा', प्रत्येक पेशीकडं दोन्हीचा मजकूर असतो पण जादा कॉप्या गुंडाळून गप्प ठेवलेल्या. म्हातारपणी त्या गुंडाळ्या सुटतात, दोन्ही एकदम बोलायला लागतात आणि पेशीला आपण कोण हेच कळेना होतं, मग लग्न जमत नाही. भाची हे सांगताना हसत होती, मला मात्र वाईट वाटलं त्या बिचाऱ्या पेशीचं.

आता तुमचे ८२ टक्के. हे काम २०२३ चं आहे, सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात नान हाओ यांच्या टीमने केलेलं, 'सायन्स' मासिकात आलेलं. (रविवारी तुम्ही ते 'नुकतेच' म्हणून छापलंय, असो, आमच्याकडं पण कालचा पाव 'ताजा' म्हणून जातो कधीकधी.) त्याआधी २०२० मध्ये त्यांनी एक बघितलं होतं. यीस्टच्या पेशी एकेकट्या बारीक खाचांमध्ये अडकवून, वरून साखरेचं पाणी सोडत, जन्मापासून मरेपर्यंत कॅमेऱ्याने बघत बसले. तर सगळ्या पेशींचे जीन तेच, खाणं तेच, तरी म्हातारपणाचे रस्ते दोन. साधारण निम्म्या पेशी कड्यावाल्या बाजूने जातात, तिथलं घट्ट सूत सुटतं. राहिलेल्यांचं ते शाबूत राहतं पण पेशीची भट्टी विझते, मायटोकॉन्ड्रिया म्हणतात ती. कुठल्या रस्त्याने जायचं ते ठरवणारे दोन गडी, एक आपला सर्-टू आणि दुसरा हॅप नावाचा. दोघांचं पटत नाही. एक वर चढला की दुसऱ्याला खाली दाबतो, आणि एकदा कोण जिंकलं की पेशी त्याच रस्त्याने शेवटपर्यंत.

मग २०२३ मध्ये त्यांनी काय केलं, या दोघांच्या भांडणाची वायरिंगच बदलली. आपल्याकडं एका विहिरीवर दोन भाऊबंद असले की पाण्याची पाळी लावतात ना, आज तुझी मोटर उद्या माझी, तशी पाळी लावली. हॅप वर चढला की त्याच्यामुळेच सर्-टू उठतो, सर्-टू उठला की हॅपला खाली बसवतो, तो बसला की सर्-टू पण ओसरतो, परत पहिल्यापासून. कुणालाच कायमचं जिंकू दिलं नाही. त्यामुळं पेशी कुठल्याच रस्त्याला लागेना, मध्येच झोके घेत राहिली आणि साध्या यीस्टपेक्षा ८२ टक्के जास्त जगली.

एवढं सुंदर काम आहे हे! पण यात गोळी कुठं आहे? पावडर कुठं आहे? त्यांनी यीस्टचा जीन कापून नवीन जोडणी केली, एका पेशीत, जी साबुदाण्यासारखी दिसते पण साबुदाण्याच्या पाचशेव्या भागाएवढी पण नसते. ती पंचवीसच्या जागी पंचेचाळीस लेकी देऊन मेली. आमच्या साडूंना एकच मुलगी आहे.

आणि यीस्टवरून एकदम माणसावर उडी मारायची ही काय पहिलीच वेळ नाही. सर्-टूचा गाजावाजा झाल्यावर द्राक्षाच्या सालीत असणाऱ्या रेझव्हरेट्रॉलने सर्-टू जागा होतो असं २००३ मध्ये आलं, मग पेपरं, मग पुस्तकं, मग २००८ साली एका बड्या औषध कंपनीने त्यावर काम करणारी छोटी कंपनी ७२ कोटी डॉलरला विकत घेतली. दरम्यान दुसऱ्या लॅबमध्ये यीस्टवर तेच करून बघितलं तर आयुष्य वाढेना. २०११ मध्ये कृमी आणि माश्यांवरचे आधीचे सर्-टूचे निकाल पण परत तपासल्यावर बरेच विरघळले. २०१३ ला त्या विकत घेतलेल्या कंपनीला कुलूप. यातलं आपल्याकडं किती छापून आलं? द्राक्षाचं आलं. कुलपाचं माझ्या तरी वाचनात नाही आलं.

मी यीस्टला कमी लेखत नाही बरं का, उलट आहे. यीस्टातून माणसाच्या कामाचं निघतं, पण कसं निघतं ते बघा. सुरेंद्रनाथ सेहगल म्हणून आपल्या भारतातून गेलेले शास्त्रज्ञ कॅनडात औषध कंपनीत होते. दूर समुद्रातल्या ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतल्या जंतूपासून त्यांच्या टीमने एक रसायन वेगळं केलं, बेटाच्या रापा नुई या नावावरून त्याला रापामायसिन म्हणतात. १९७५ ला ते छापून आलं. पुढं कंपनीने तिथली लॅब बंद केली, काम थांबवलं, तर या माणसाने जंतू घरच्या फ्रीजरमध्ये सांभाळून ठेवले, खाण्यापिण्याच्या वस्तूंशेजारी! (आमच्या हिला हे मी मुद्दाम वाचून दाखवलं, ती यीस्टच्या ब्रिकवरून रोज बोलते.) मग १९९१ मध्ये स्वित्झर्लंडच्या बासेलला हाइटमन, मोव्वा आणि हॉल यांनी हे रसायन कुठं जाऊन चिकटतं ते शोधलं, कशात शोधलं तर आपल्या यीस्टात. तो जीन म्हणजे टॉर. खायला भरपूर असलं की 'वाढा वाढा' म्हणून ओरडणारा मुकादम. हाच मुकादम माणसात पण निघाला. १९९९ पासून हे रसायन किडनी बदललेल्या पेशंटना देतात, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून. आणि २००९ मध्ये ६०० दिवसांच्या, म्हणजे उंदराच्या हिशोबात चांगल्या उतारवयाच्या उंदरांना ते दिलं तरी ते जास्त जगले. पण हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे, तोंड येतं, कोलेस्टेरॉल, शुगर वाढू शकते, हॉलमध्ये चहा-बिस्किटासोबत वाटायची वस्तू नाही. मातीपासून उंदरापर्यंत यायला चाळीसेक वर्षं गेली आणि माणूस किती जास्त जगतो ते अजून कुणी दाखवलेलं नाही.

अजून एक गोष्ट सांगतो, ती मला सगळ्यात जास्त आवडली आणि ती तुमच्या बातमीत नव्हती. यीस्टची उपासमार झाली की काही पेशी आपल्या आत चार बीजाणू करतात, कडक कवचाचे, दुष्काळ संपेपर्यंत झोपून राहायला. एमआयटीतच एलचीन उनाल आणि अँजेलिका आमोन यांनी २०११ साली मुद्दाम म्हाताऱ्या पेशी घेतल्या आणि त्यांना उपाशी ठेवून बीजाणू करायला लावले. निघालेले बीजाणू तरुण पेशीच्या बीजाणूंएवढेच तरुण! म्हातारपण पूर्ण पुसलेलं. इथं तर लेकीला साफ पाठवून आईने कचरा ठेवून घेतला असंही नाही, चौघांत कचरा वाटलाच नाही, तो गेला. एवढंच नाही, या कामाला लागणारा एक जीन त्यांनी म्हाताऱ्या पेशीत थोडा वेळ चालू करून बंद केला, बीजाणू न करताच, तर ती पेशी पुढं आणखी बऱ्याच लेकी देत राहिली. म्हणजे पेशीकडं म्हातारपण पुसायचं फडकं आहे, रोज वापरत नाही एवढंच. आमोन बाई २०२० मध्ये गेल्या, फार लवकर. त्यांच्यावर एक लेख छापा की कधीतरी, मी दहा अंक जास्त घेऊन बेकरीत ठेवतो.

तर माझं म्हणणं साधं आहे. बातम्या छापा, अशाच छापा, आमच्यासारख्यांना दुसरीकडून मराठीत हे मिळत नाही. फक्त प्रयोग यीस्टवर असेल तर हेडलाइनमध्ये 'यीस्ट' लिहा, उंदरावर असेल तर 'उंदीर'. दोन-तीन अक्षरांचाच शब्द आहे, जागा किती जाणार. 'यीस्टचं आयुष्य ८२ टक्क्यांनी वाढलं' असं असतं तर मी आनंदाने वाचलं असतं आणि तो मीटिंगवाला लॅमिनेशनचे पैसे वाचवून घरी बसला असता. आणि एक छोटा खुलासा छापा, तेवढाच आकार, तेच पान, हे जोडप्याचं चित्र नको.

साडूंचं राहिलं. मागच्या आठवड्यात ते डबा घेऊनच बेळगावला आले, मला पटवायला. मी म्हटलं चला तुमच्या पावडरची परीक्षा घेऊ. तीन ग्लास घेतले, तिन्हीत कोमट पाणी आणि चिमूटभर यीस्ट. एकात काही नाही, एकात साखर, एकात चमचाभर पावडर. ही काही वयाची परीक्षा नाही हे मला माहीत होतं, भाचीला कळलं तर ती मला मारेल, पण मला वाटलं पावडरवालं थंड पडून राहील आणि साडूंचा नाद सुटेल. तर दहा मिनिटांनी पावडरच्या ग्लासातला फेस साखरेच्या पण वर! काठावरून खाली उतरला, टेबलावर. साडू उभे राहिले. "बघ! बघ कसं तरुण झालंय!" बेकरीतली पोरं टाळ्या वाजवायला लागली.

मी गप्प. मग चष्मा लावला आणि डबा फिरवून मागचं वाचलं, अगदी तळाला, तुमच्या चौथ्या ओळीसारखं बारीक. घटक पहिला, डेक्स्ट्रोज. म्हणजे ग्लुकोज. म्हणजे साखरच, यीस्टला तर आयती चघळायला. शुगरचा पेशंट रोज सकाळ-संध्याकाळ दोन चमचे घेत होता, ४८०० रुपये डबा, साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात.

साडूंनी स्वतः दोनदा वाचलं, मग माझ्याकडून चष्मा घेऊन तिसऱ्यांदा. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, आकडा सांगत नाहीत. मीटिंगवाल्याचा फोन बंद आहे. दुसरा डबा सील न फोडलेला आमच्या फ्रिजात आहे, यीस्टच्या ब्रिकशेजारी.

नाव छापू नका एवढी विनंती. साडू तुमचा पेपर रोज वाचतात. म्हणजे हेडलाइन वाचतात.

आपला नेहमीचा वाचक,
एक बेकरीवाला,
शहापूर, बेळगाव